मोटारीला दिलेला मिस्ड कॉल

माझ्या बायकोला मी कधी इतकं हसवलेलं नाही. हे मी आज कबूल करतो, तेव्हा कबूल करायची माझी तयारी नव्हती. रोज संध्याकाळी सहाला ती कॉम्प्युटरसमोर बसायची, कानाला हेडफोन लावायची, आणि पुढचा तासभर आतल्या खोलीतून असं हसू यायचं की सोप्यात बसलेल्या माझ्या तोंडातला चहा कडू व्हायचा. पलीकडे सांगलीत तिचा धाकटा भाऊ असायचा. म्हणजे परका कोणी नाही. परका असता तर मला भांडायला तोंड तरी होतं. बायकोच्या सख्ख्या भावावर जळणाऱ्या नवऱ्याचं गाऱ्हाणं कोण ऐकून घेणार?

आमचं घर कराडपासून पाच-सहा किलोमीटरवर, मळ्यात. चारी बाजूंनी ऊस. कराडात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात, मी त्या नव्या तारेनं भरून देतो. हात चांगला आहे माझा, हे मी नाही, लोक म्हणतात. बायको सांगलीची. लग्नाआधी तिथल्या एका क्लासमध्ये ती कॉम्प्युटर शिकवायची. लग्नानंतर मळ्यात आली आणि कराडातल्या एका वकिलाचं मराठी टायपिंग घरी बसून करायला लागली. त्यासाठी तिच्याकडं एक जुना कॉम्प्युटर होता, जो सुरू व्हायला जेवढा वेळ घेई तेवढ्यात माझी अंघोळ उरकायची.

त्या भाऊबीजेला मेव्हणा आला. लोक ओवाळणीच्या ताटात पाकीट ठेवतात. ह्यानं एक काळी वायर ठेवली आणि म्हणाला, “आक्का, ही पॉवर केबल. बाकीचं गाडीत हाय.”

बाकीचं म्हणजे अख्खा कॉम्प्युटर. तो सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. वर्षभर एकेक भाग जमवून त्यानं तो बहिणीसाठी स्वतःच्या हातानं बांधला होता. काळा डबा, एका बाजूला काच, आत निळे-जांभळे दिवे आणि तीन पंखे. माझी आई बघत राहिली आणि म्हणाली, “देवघरात बी एवढी लायटिंग न्हाई आमच्या.” बायको डब्यावरून हात फिरवत होती. तिचं फुललेलं तोंड मला दिसत होतं. मी त्या दिवाळीला तिला मिक्सर दिला होता. जुनाच, फक्त त्याची मोटार मी नव्यानं भरली होती. तिनं “बरं झालं, चटणीला उपयोगी पडंल” म्हणून तो फळीवर ठेवला होता.

तर माझ्या मिक्सरशेजारी हे असं आलं. मी “झ्याक हाय, पावणं” म्हटलं आणि गोठ्याकडं निघून गेलो. मेव्हणा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याला ‘तू’ म्हणायला काहीच हरकत नव्हती, बायको तर सारखी म्हणायची, “आवं, त्याला पावणं काय म्हणताय, पोरगं हाय ते.” पण मी हट्टानं ‘पावणं’ आणि ‘तुमी’च म्हणायचो. तेवढंच अंतर राहावं म्हणून.

त्या नव्या डब्यावर ती इथून आणि तो सांगलीतून, असे दोघं मिळून जो खेळ खेळायचे तो मी पाठीमागं उभा राहून पाहिला होता. बर्फाचा डोंगर. दोन गिर्यारोहक, कमरेला एकच दोर. एकानं खडकाला धरून राहायचं, दुसऱ्यानं वर चढायचं, मग उलट. एकाचा हात सुटला की दोघंही पार पायथ्याला. रोज तासभर खेळून त्यांना त्या डोंगराचं टोक गाठायचं होतं. ‘आता तू धर’, ‘थांब, अजून थांब’, ‘आक्का, सोडू नगंस हां’ असं चाललेलं असायचं, आणि पडले की दोघं खिदळायचे. तिचं ते हसणं मला नवीन होतं. बारीक आवाजात सुरू व्हायचं आणि मग तिला आवरायचंच नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत माझ्याबरोबर तिला न आवरण्यासारखं हसू एकदाच आलं होतं, मी शेणात पाय घसरून बसलो तेव्हा.

दिवाळीनंतर महिनाभरानं कॉम्प्युटर मध्येच बंद होऊन आपोआप परत सुरू व्हायला लागला. टायपिंग करताना कधी नाही. दिवसभर ती वकिलाची कागदपत्रं बडवायची तेव्हा गुमान चालायचा. संध्याकाळी खेळ सुरू झाला, डबा तापला, पंखे घोंघावायला लागले की दहा-पंधरा मिनिटांत पडदा काळा, आणि मग पहिल्यापासून सुरू. तिकडं सांगलीत दोराला बांधलेला भाऊ पायथ्याला.

पहिले दोन-तीन दिवस त्यांनी हे पण हसण्यावारी नेलं. मग मेव्हण्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि मला कामाला जुंपलं. “दाजी, जरा झाकण काढा. आत धूळ बसली असंल.” मी दुकानातून ब्लोअर आणून धूळ उडवली. “दाजी, ती उभी पट्टी दिसती का, ती रॅम. काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासा.” मी शाळेतल्या पोरासारखा खोडरबर घासत बसलो. माझ्यापुढं दहा हॉर्सपॉवरच्या मोटारी उघड्या पडलेल्या असतात आणि मी हातात खोडरबर घेऊन, ते पण मेव्हण्याच्या हुकमानं. बायको फोन धरून उभी होती आणि मधून मधून त्यालाच म्हणत होती, “बरोबर करतात न्हवं रं?”

त्यानं काहीच फरक पडला नाही. मग त्यानं भीत भीत विचारलं, “दाजी, लाईन कशी हाय तिकडं? एक यूपीएस आणू का?”

इथं माझं डोकं फिरलं. कराडात लोक मला लाईन बघायला गाडी पाठवून नेतात, आणि हा माझ्या घरात यूपीएस लावणार. “पावणं, लायनीचं आमाला नका शिकवू,” मी म्हणालो. मीटर काढला, भिंतीच्या सॉकेटमध्ये दोन्ही टोकं खुपसली आणि आकडा कॅमेऱ्यापुढं धरला. दोनशे तीस व्होल्ट. सुईसारखा सरळ.

तो लगेच वरमला. “न्हाई, न्हाई दाजी, तसं न्हाई. तुमी हाय म्हटल्यावर लायनीचा प्रश्नच न्हाई.” त्यानंतर त्यानं माझ्यासमोर लायनीचं नाव काढलं नाही. इतका विश्वास टाकला त्यानं माझ्यावर, आणि त्या वेळी मला त्याचा फक्त आनंद झाला.

मग रविवार सुरू झाले. सकाळी मोटरसायकलवर सांगलीहून यायचा, पाठीवर सॅक, त्यात काहीतरी सुटा भाग. एका रविवारी त्यानं आतला पॉवर सप्लाय बदलला. पुढच्या रविवारी ग्राफिक्स कार्ड काढून दुसरं बसवलं. सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं. बायको त्याच्यासाठी सकाळपासून राबायची. त्याला आवडतं म्हणून वांग्यात शेंगदाण्याचं कूट जास्त, त्याला लागतं म्हणून दही घट्ट. मला दही पातळ लागतं हे तिला ठाऊक होतं, पण रविवारी घट्टच. दोघं जमिनीवर डबा आडवा टाकून बसायचे, ती टॉर्च धरायची आणि तो आत बघायचा. मी जाता येता उगीच त्यांच्या मधून जायचो.

शेवटी तो म्हणाला, “मी ह्याला सांगलीलाच नेतो. चार दिस माझ्याकडं चालवून बघतो.” बायकोनं आपली लग्नातली वाकळ काढली, डबा तिच्यात गुंडाळला आणि त्याच्या गाडीला बांधून दिला. आमच्या आईनं मागून निदान केलं, “माहेरचं हाय ते. हिकडलं पाणी मानवत न्हाई त्याला.”

ते चार दिवस माझे होते. सहा वाजता घर शांत. मी दुकान आणखी लवकर बंद करून यायला लागलो. एका संध्याकाळी तिला कराडला संगमावर नेलं, भेळ घेतली, दोघं घाटाच्या पायरीवर बसलो. मी तिला दुकानातली एक गंमत सांगितली. एकानं मोटार भरायला आणली आणि भरून दिल्यावर म्हणाला, आतली जुनी तार बी द्या, ती माझ्या आज्याची हाय. मला ती गोष्ट लय भारी वाटत होती. ती “व्हय?” म्हणाली आणि भेळेतला कांदा बाजूला काढत बसली. मग तिचा फोन वाजला, तिकडून भाऊ बोलत होता, “आक्का, चार तास चालू हाय, एकदा बी पडला न्हाई!” आणि ती हसली. माझी भेळ हातात तशीच राहिली.

डबा परत आला, जोडला, आणि पहिल्याच संध्याकाळी सव्वासहाला बंद पडला. मेव्हणा त्या दिवशी आमच्याकडंच थांबला होता. त्यानं खाली बसून दोन्ही हातांनी डोकं धरलं. “गाडीवर धक्के बसून काय तरी हललं असंल,” तो स्वतःशीच पुटपुटला. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

दोषाचं मूळ मला सापडलं ते त्यानंतरच्या बुधवारी, न शोधता. आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार आहे. पूर्वी ती लावायला मी सकाळी विहिरीपर्यंत चालत जायचो. दिवाळीनंतर महिनाभरानं मी तिच्या पेटीत सिमकार्डचा डबा बसवून घेतला. आता त्या नंबरवर एक मिस्ड कॉल दिला की मोटार सुरू, दुसरा दिला की बंद. तेव्हापासून मी पाणी संध्याकाळी सोडायला लागलो, सोप्यात चहा पीत. संध्याकाळी शेतीच्या लायनीचा तिसरा फेज जातो. पण कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार ओढायची युक्ती आमच्याकडं शेंबड्या पोरालाही येते. मोटारीवर आणि तारेवर जुलूम होतो, पण उसाला पाणी मिळतं. आणि घराची लाईन मी वेगळी न ओढता त्याच पेटीतून आणली होती. तात्पुरती. त्या तात्पुरत्याला सात वर्षं झाली होती. दुकानात कोणी असलं काही केलेलं सांगितलं की मी त्याला झापतो.

तर त्या बुधवारी चहाचा कप ठेवला, मोटारीला मिस्ड कॉल दिला. तिकडं विहिरीवर मोटारीनं कण्हत पहिला वेढा घेतला, डोक्यावरचा पंखा क्षणभर रेंगाळला, आणि आतून बायको ओरडली, “आई गं! गेला परत!”

मी ताडकन उठलो. धंद्यातल्या माणसाला दोष सापडल्यावर जो आनंद होतो तो दुसऱ्या कशात नाही. सगळं डोळ्यांपुढं लखलखीत झालं. मोटार सुरू होताना तारेतलं व्होल्टेज क्षणभर आटतं, टायपिंग करताना कॉम्प्युटर तेवढा क्षण निभावून नेतो, खेळताना त्याची भूक मोठी असते म्हणून तो कोसळतो. मेव्हण्याला मीटर दाखवला तेव्हा मोटार बंद होती, म्हणून दोनशे तीस. मी दारापर्यंत गेलो, सांगायला. ती हेडफोन काढून मोबाईलवर भावाशी बोलत होती. माझ्याकडं तिची पाठ होती. ती म्हणत होती, “रडू नगंस रं माझ्या राजा. आसशील तिथंच थांब, मी आले परत तुझ्याकडं.”

माझ्या राजा. मी मागं फिरलो आणि सोप्यात येऊन बसलो.

सांगायचं तर काय सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. माझीच लाईन खोटी निघाली, हे त्या पोरासमोर? त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना लायनीचं! म्हणजे तो बरोबर आणि मी बिनडोक, ते पण माझ्या धंद्यात. एखाद्या सकाळी गुपचूप वेगळी केबल ओढीन, मग आपोआप नीट होईल. असं ठरवलं खरं. पण सकाळ झाली की दुकानात काम निघायचं.

आणि मग मी ते करायला लागलो. आधी वेळेवर पाणी सोडायचो, आता वेळ बघायला लागलो. आत हसू सुरू झालं की माझा हात खिशात जायचा. पहिल्या हसण्याला मी थांबायचो. दुसऱ्यालाही. तिसरं आलं, ते न आवरणारं, की मी फोन काढायचो आणि मोटारीला मिस्ड कॉल द्यायचो. पंखा रेंगाळायचा, हसू तुटायचं. मी इतका शांत चहा आयुष्यात कधी प्यालो नव्हतो. पंधरा दिवस चाललं हे. शेजारच्या मळ्यातला एकदा बांधावर उभा राहून म्हणाला, “गड्या, ऊस हाय का भात लावलायस?” माझ्या उसात घोट्याएवढं पाणी उभं होतं.

हळूहळू हसू कमी झालं. ते दोघं खेळायला बसायचे, पण पोलीस पाटलाच्या चावडीत बसल्यासारखे, पडायची वाट बघत. मेव्हण्याचा आवाज फोनवर बारीक झाला. माझ्याशी बोलताना तो सारखं म्हणायचा, “दाजी, माझंच काय तरी चुकलंय.” मला वाटायचं, आता बरोबर झालं. एका जेवणाच्या वेळी मी मुद्दाम बोललो, “जुनंपानं घालून बसवला असंल डबा. दुकानातल्या पोरांचं काम ते.” माहेरच्या वस्तूला नाव ठेवलं की आमच्या घरी भांडं आपटतंच, हे मला ठाऊक होतं. मी तयारीत होतो. तिनं माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, “असंल.”

गेल्या संक्रांतीनंतरचा रविवार. मेव्हणा आला तो मित्राची चारचाकी घेऊन. मागच्या सीटवर त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर, पट्टा लावून बसवलेला. ज्याच्यावर तो सगळं शिकला, ज्याला तो कोणाला हात लावू देत नाही, तो. म्हणाला, “आक्का, तू माझा वापर. त्यो खोटा डबा मी नेतो, सुटा करून टाकतो.” बायको म्हणाली, “नगं रं, तुझा तुला ठेव.” तो ऐकेना. त्यानं दुपारभर बसून आपला कॉम्प्युटर जोडून दिला. पाच वाजता ओवाळणीतला डबा वाकळेत गुंडाळून गाडीत ठेवला. जाताना माझ्या पाया पडायला वाकला आणि वाकलेलाच बोलला, “दाजी, भनीला भाऊबीजेला खोटी वस्तू दिली मी. माफ करा.”

“असू द्या, असू द्या,” मी म्हणालो. याहून नीच दोन शब्द मी कधी उच्चारले नसतील. गाडी उसाच्या वाटेनं धूळ उडवत गेली. बायको ती दिसेनाशी होईस्तोवर उभी राहिली. आई भजनाला गेली होती. घरात आम्ही दोघंच उरलो.

सहा वाजले. ती आत गेली नाही. तिनं चहा केला, माझा कप माझ्यापुढं ठेवला आणि समोरच्या खांबाला टेकून बसली.

“बसत न्हाईस खेळायला?” मी विचारलं.

“धा मिंटं झाली सहा वाजून,” ती म्हणाली. “आज मोटारीला मिस्ड कॉल न्हाई द्यायचा?”

मी कप खाली ठेवला.

“तुला कवापास्नं ठाऊक हाय?”

“डबा सांगलीला जायच्या आधीपास्नं. मोटार कण्हती, पंखा हळू हुतो, आन् माझा पडदा जातो. कॉम्प्युटर शिकवत हुते मी आवं, शेरडं न्हवते राखत.”

“मग बोलली का न्हाईस?”

“आधी वाटलं, तुमाला ठाऊक न्हाई. कळलं की कराल. मग तुमी माझ्या हसायची वाट बघून फोन काढताय हे दिसलं.” ती अगदी सपाट आवाजात बोलत होती. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. “डबा सांगलीत चार दिस चालला तवाच त्यानं मला एकटीला गाठून इचारलं हुतं. आक्का, दाजींना राग यील, पण लायनीचंच काय तरी असंल, तू एकदा बघ. मी म्हटलं, लाईन चांगली हाय. तुझाच डबा खोटा हाय.”

“असं म्हणालीस तू?”

“मग काय म्हणू? कराडात ज्यांच्या दारात मोटारींची रांग असती त्यांना घरची लाईन ओढता ईना? त्याच्यापुढं तुमचं नाक खाली घालू व्हय मी?” मग पहिल्यांदा तिचा आवाज हलला. “परवा त्यानं इचारलं, आक्का, खरंच माझ्या हातात दोष हाय का गं? मी व्हय म्हणाले. माझ्या भावाला म्हणाले. पोरगं रातभर सोताचाच डबा उघडून बसलं, हात कुठं चुकतो बघत.”

मी तिच्याकडं बघू शकलो नाही. महिनाभर मला वाटत होतं की ती त्याची आहे आणि मी नुसता उंबऱ्यावरचा. आणि ती सगळा महिना माझ्या बाजूनं उभी होती, त्याला पायाखाली घेऊन. मी फोन काढला. तिनं विचारलंही नाही कोणाला लावताय.

तो सांगलीच्या वाटेवर कुंडलजवळ चहाला थांबला होता. मागं उसाच्या ट्रॅक्टरचे आवाज येत होते. मी त्याला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणालो. सांगितलं, तुझ्या डब्यात दोष नाही, कधीच नव्हता. लाईन सांगितली, कंडेन्सर सांगितला, सिमकार्डचा डबा सांगितला. मग थांबलो, कारण इथवर नुसती चूक होती. मग उरलेलंही सांगितलं. “मी मुद्दाम केलं रं. तुमी दोघं हसायला लागला की.”

 शिवी दिली असती तरी मी घेतली असती. पण त्यानं एकच विचारलं.

“दाजी, आक्काला ठाऊक हुतं?”

मी बायकोकडं बघितलं. फोनचा आवाज मोठा होता, तिला ऐकू गेलं होतं.

“न्हाई,” मी म्हणालो. “तिला कायबी ठाऊक न्हाई. शपथ.”

तिनं उठून माझ्या हातातून फोन घेतला. ओढला नाही, घेतला. कानाला लावला आणि म्हणाली, “मला ठाऊक हुतं.”

आणि ती फोन घेऊन अंगणात गेली, उसाच्या कडेपर्यंत. तिथून काही ऐकू येत नव्हतं. पण ती बोलत नव्हती हे दिसत होतं. म्हणजे तो बोलत असेल, किंवा तोही गप्प असेल. माझ्यासाठी ती त्याच्याशी खोटं बोलली होती. त्याच्यासाठी ती असं खोटं कोणाशीच बोलली नसेल. मला हवं होतं ते हेच, आणि ते मला मिळून महिना झाला होता.

अंधारून आलं. ती तशीच उभी होती, फोन कानाला लावून. मी सोप्यातून तिच्या पाठीकडं बघत राहिलो, आणि त्यानं तिला काहीतरी बोलून हसवावं म्हणून कान देऊन बसलो.